शंभर नंबरी रक्त

भंडारा
८ जुलै २०१३

चि. खुशबूस तेजराममामाचा जयभीम.

परवा तू केलेला फोन तुझ्या म्हणण्याप्रमाणे फुकट होता. कंपनीची काहीतरी स्कीम आहे म्हणालीस. आता त्याची खरी किंमत ऐक. रेंज मिळावी म्हणून तू आंबागड किल्ल्याच्या पायऱ्या चढलीस, तेही अशा दिवसांत. इकडे एक गिऱ्हाईक पाणी भरायच्या पितळी गुंडाला जवळजवळ राजी झालं होतं, लेकीला आंदणात द्यायचा होता त्याला. मी फोन कानाला लावला आणि ते समोरच्या दुकानात जाऊन बसलं. तुझी मामी "कोनाचा फोन, कोनाचा फोन" करत पुढे आली आणि मागे दूध उतू गेलं. सगळ्यात महाग पडलं ते निराळंच. फोनवर मी जरा मोठ्याने बोलतो. "काय म्हणतेस, दिवस गेले?" एवढं मी एकदाच म्हणालो, पण आमच्या भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत पितळ इतकं टांगलेलं असतं की एकदा बोललेलं चारदा वाजतं. संध्याकाळी टेकचंद कल्हईवाला मला विचारतो, "तेजरामभाऊ, भाचीचं बाळंतपण माहेरी का सासरी?"

तेव्हा यापुढे पत्र लिहायचं. पत्र कसं, ज्याचं त्याला कळतं.

तू रक्त तपासल्याचं, त्यात काही निघाल्याचं सांगत होतीस. गर्दीत ते राहून गेलं. मनावर घेऊ नको. तुझं लग्न कोणी जमवलं? मी. गुंड मी टिचकीने पारखतो. खणखणला तर घ्यावा, बद्द वाजला तर कितीही चकाकू दे, कुठेतरी तडा आहे. घरही मी तसंच पारखतो. तुझ्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोललो कमी, ऐकलं जास्त. आत कप ठेवतात का आपटतात, सासरा हसला की बाकीची माणसं हसतात का गप्प होतात. खणखणीत घर. मी जमवलेल्या एकाही लग्नाचं भांडं आजवर बद्द वाजलेलं नाही, साऱ्या तुमसर तालुक्यात विचार.

आणि रक्ताचं म्हणशील तर आपलं रक्त शंभर नंबरी. आपलं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जायच्या कितीतरी आधी मी अंगावरच्या कपड्यानिशी भंडाऱ्यात आलो, चिंच लावून दुसऱ्यांची भांडी घासली आणि त्याच ओळीत स्वतःचं दुकान टाकलं. या सगळ्यात एक इंजेक्शन घेतलं नाही. माझ्या अंकुशचं जे दुखणं आहे ते तुझ्या मामीच्या माहेरचं, हे साऱ्या सोयऱ्यांना ठाऊक आहे.

जड उचलू नको. गडावर चढू नको.

तुझा
तेजराममामा

*

आंबागड
१५ जुलै २०१३

ती. मामास, जयभीम.

शाळेत निम्मी मुलं नाहीत, सगळी धानाच्या बांध्यांमध्ये रोवण्याला गेली आहेत. म्हणून वर्गात बसूनच लिहिते.

फोनवर सांगत होते ते असं. इथल्या दवाखान्यात नाव नोंदवलं की सगळ्या बायकांचं सिकलसेलचं रक्त तपासतात. माझ्यात ते अर्धं निघालं. अर्धं म्हणजे वाहक. त्याने मला काही होत नाही, आजवर कळलंही नव्हतं. मग अतुलला जंगलातून बोलावून घेतलं. वनरक्षक माणूस, वाघाला भीत नाही, पण सुई पाहून नर्सचा हात धरला. त्याच्यातही अर्धं.

दोघं अर्धे असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ मूल पूर्ण निघतं. पूर्ण म्हणजे अंकुशदादाला आहे ते. सांधे, दुखणं, रक्त चढवणं, सगळं. मी हे दहावीला फळ्यावर चौकोन काढून शिकवते. पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे. आता मीच वाटाणा झाले.

नागपूरला पोटात सुई घालून पाणी काढतात आणि बाळ पूर्ण, अर्धं का कोरं ते सांगतात. पूर्ण निघालं तर कायद्याने वीस आठवड्यांच्या आत "मोकळं" होता येतं. डॉक्टरीणबाईंनी हाच शब्द वापरला. घरी येईपर्यंत तो माझ्या कानात होता.

अतुल म्हणतो, टेस्ट करू, कळलेलं बरं. कळल्यावर काय, विचारलं तर म्हणतो, मग पाहू. सासूबाईंनी विचारलं, "एवढी सुई टोचतेत, तं पोरगा का पोरगी तेबी सांगत असतीन?" अतुल म्हणाला, "नाही माय, ते सांगितलं तं डॉक्टर जेलात जाते." त्यावर त्या म्हणाल्या, "असं कसं गा? पोरगी हाये म्हणून नको म्हणलं तं गुन्हा, आन् आजारी हाये म्हणून नको म्हणलं तं इलाज?" अतुल चहा न पिताच ड्युटीवर गेला. मी बी.एस्सी. बी.एड. आहे, मी त्याचा चहा परत भांड्यात ओतला.

मामा, दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, पण सिकलसेलची कार्डं तर आता सगळे पाहतात. आमच्या वेळी ती कोणी पाहिली?

आणि दुसरं, अंकुशदादाला यातलं काही सांगू नका. काय सांगणार? तुझ्यासारखं कोणी येतंय का ते आम्ही सुई घालून पाहणार आहोत, आणि येत असेल तर कदाचित येऊ देणार नाही? लहानपणी मला सायकल शिकवताना तोच पडला होता. त्याला हे माझ्या तोंडून तरी कळू नये.

तुमची
खुशबू

*

भंडारा
२२ जुलै २०१३

खुशबूस जयभीम.

आधी एक गोष्ट सांगतो, मग काय रागवायचं ते रागव.

मी लिहितो ते हाताच्या सवयीने. वाचायला डोळा लागतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दिवाळीपुढे ढकललंय. तू लिहितेस मुंगीएवढं. म्हणून पत्र फोडून अंकुशच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाच." दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एवढी खबरदारी मी घेतली होती.

त्याने वाचलं. वाचतो चांगलं, नाटकात काम करतो ना. वाटाण्याला हसला, तुझ्या सासूबाईला जास्त हसला. मग ती ओळ आली, अंकुशदादाला सांगू नका. मी गादीवर नीट उठून बसलो. तो थांबला नाही. ती ओळ, तिच्या पुढची ओळ, सायकल, सगळं त्याच आवाजात, त्याच चालीत वाचून काढलं, खाली तुझी सहीसुद्धा. माझे कान तुला माहीत आहेत. वाचणारा मधे अडखळला तर फार काही नसतं. जराही अडखळला नाही की समजायचं. घडी घालून म्हणाला, "बाबा, तांब्याचा माल आला का पाहून येतो." तांब्याचा माल गुरुवारी येतो. तो दिवस शनिवार होता.

आता कार्डाचं. विषय तुझ्या सासऱ्यांनी काढला होता. म्हणाले, "तेजरामजी, आजकाल हे कार्ड पाहून राहिले लोक. आमच्या अतुलचं काढून घेऊ का?" मी म्हणालो, "कायले लागते कार्ड, पाव्हणे? आमचं रक्त शंभर नंबरी. पोराचं दुखणं त्याच्या मायकडचं. खुशबू माझ्या बहिणीची पोरगी, तिच्यात ते येईन कुठून?" ते बिचारे ओशाळले, पुन्हा विषय काढला नाही. तुझी मामी शेजारी होती. तिने बशी जरा जोरात ठेवली. ते मी ऐकलं होतं, पण वाटलं, चहा गरम असेल.

आता तुझ्यात निघालं म्हणतेस, तर ते तुझ्या बाबांकडून आलं असणार. ते आज नाहीत, म्हणून विचारता येत नाही. मी त्यांना वाईट म्हणत नाही. माणूस देवासारखा होता. पण रक्ताचं कोणी सांगावं?

टेस्टचं काय करायचं ते मी अजून पारखतो आहे. घाई करू नको.

तुझा
मामा

*

भंडारा
२४ जुलै २०१३

मास्तरीणबाई, जयभीम.

बाबांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं यात त्यांची काही चूक नाही. म्हणजे आहे, पण ती नेहमीची आहे. मागच्या वर्षी टेकचंदने स्वतःच्या सुनेबद्दल लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्याच सुनेकडून वाचून घेतली होती.

तुला वाटलं मी वाईट मानीन. मानलं. दोन दिवस मानलं. तिसऱ्या दिवशी आईने वैनगंगेचे झिंगे केले, ते खाताना राग धरून बसणं जमलं नाही.

आता ऐक. तुम्ही सगळ्यांनी मला साक्षीदार करून टाकलं आहे. अतुलभाऊ म्हणत असतील, अंकुशचे हाल पाहिले ना? इकडे बाबा उद्या म्हणतील, अंकुशले पाहा ना, कसा मस्त हाये. दोघांनाही मीच पाहिजे. दुखणं येतं तेव्हा तू दवाखान्यात माझ्या उशाशी बसलेली आहेस. हाडाला पान्हा लावून कोणी पिळत असतो. तेव्हा मला विचारशील तर म्हणेन, हे कोणाच्या नशिबी आणू नका. आणि नाटकात मी खलनायकाच्या मिशा लावून आत आलो की पुढच्या बायका मला शिव्या देतात. एकदा एकीने चप्पल दाखवली होती. तेव्हा विचारशील तर म्हणेन, असे अजून दहा अंकुश येऊ द्या. दोन्ही वेळा मी खरंच बोलत असतो. म्हणून मला विचारूच नको.

माझ्यासाठी टेस्ट करू नको, आणि माझ्यासाठी टाळू नको. मी तुझा दादा आहे, दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र नाही.

आणखी एक. तू विज्ञान शिकवतेस. माझ्यासारखा पूर्ण व्हायला दोन अर्धे लागतात ना? आईचा एक अर्धा झाला. दुसरा कोणाचा, हे आमच्या घरात आजवर कोणी विचारलेलं नाही. मी विचारलं तर दुकानातून हाकलतील. तू लांब आहेस, तुला हाकलायलाही त्यांना बसभाडं पडेल.

अंकुश

*

आंबागड
२ ऑगस्ट २०१३

ती. मामास आणि वाचणाऱ्यास, जयभीम.

दादा, पहिली ओळ तुझी: चुकलं माझं. यापुढे तुझ्यापासून लपवायचं असेल ते तुलाच लिहीन. आता पुढचं मामांना मोठ्याने वाच, आणि मामी घरात असेल तर तिलाही बोलाव.

मामा, फळ्यावर शिकवते तसं सांगते. पूर्ण मूल व्हायला दोन अर्धे लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. मामीच्या माहेराने कितीही जोर लावला तरी एकट्या माहेराला आख्खा अंकुश घडवता येत नाही. (दादा, इथे जरा थांब आणि मामांच्या तोंडाकडे पाहा.) माझ्या बाबांनाही तुम्ही उगाच ओढलंत. आई मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली होती, तिचं रक्त तपासलं. अर्धं आहे. आई तुमची सख्खी बहीण.

मी तुमच्यावर सगळं ढकलत नाही. मी विज्ञान शिकवते, आणि स्वतःच्या लग्नात कार्ड मागायला लाजले. तुम्ही पुढे होऊन बोलत होतात, तर बरं वाटलं होतं. मामी बशी जोरात ठेवत होती, ते मीही आतून ऐकलं होतं. आपल्या घरात ऐकतात सगळेच.

टेस्टचं ठरलं. २१ ऑगस्टला नागपूर. आधी वाटलं, न पाहताच होऊ द्यावं. पण अतुल म्हणाला, "पूर्ण निघालं अन् ठेवलं, तरी पहिल्या दिवसापासून औषधपाणी तं नीट होईन." हे मला पटलं. पूर्ण निघालं तर काय, यावर आमचं दोघांचंही मत रोज बदलतं. सोमवारी तो ठेवू म्हणतो आणि मी नको म्हणते. मंगळवारी मी ठेवू म्हणते आणि त्याला दादाचा पाय धरून ओरडणं आठवतं. एकदा दोघं एकाच दिवशी ठेवू म्हणालो आणि घाबरून तो बूट पुसत बसला, मी वह्या तपासत.

आता करार. २१ तारखेला माझ्या पोटात सुई जाणार. त्याच दिवशी तुमच्या दंडात गेली पाहिजे. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. मला माझ्या पोटातल्याचं पाहायचंय, तुम्ही तुमच्या रक्तातलं पाहा. एकटी मीच काय म्हणून टोचून घेऊ?

तुमची
खुशबू

*

भंडारा
१० ऑगस्ट २०१३

खुशबूस जयभीम.

करार वाचला. म्हणजे ऐकला. वाचणारा जिथे थांबायला सांगितलं होतं तिथे थांबला, आणि तुझी मामी कधी नव्हे ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसली होती. नुसती पदराने वारा घेत होती.

२१ तारखेचं काही जमत नाही. पोळा तोंडावर आला, बैलांच्या घंटा-घुंगरांचा हाच सीझन. घुंगरू मीच वाजवून देतो, दुसऱ्याच्या हाताला ते कळत नाही. शिवाय या वयात रक्त काढलं तर ते भरून यायला वेळ लागतो असं बाबूलाल न्हावी सांगत होता. शिवाय, जे शंभर नंबरी आहे ते तपासायचं कशाला?

आता एक वेगळं लिहितो. हे पान मी स्वतः पाकिटात घालून स्वतः पेटीत टाकणार आहे.

अंकुश पोटात होता तेव्हा असली सुई असती, आणि डॉक्टरने विचारलं असतं, तेजराम, ठेवायचं का? मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात भांडी घासत होतो. एका दमात नको म्हणालो असतो. आणि ते चूक झालं असतं, असं छाती ठोकून मला आजही म्हणता येत नाही. तो लहान असताना दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी कितीदा मनात म्हटलंय, नको, हे नको. पण आता तो "नको" ज्याला म्हणायचा तो माणूस समोर बसून गिऱ्हाइकाशी भांडतोय. हे लिहितानाही भांडतोच आहे, घासाघीस चालू आहे एका पितळी परातीवर, आणि मला हसू येऊन राहिलं. त्यामुळे तो शब्द तोंडातून निघत नाही. तुझ्यासमोर अजून कोणी बसलेलं नाही. म्हणून तुझं काम सोपं का माझ्यापेक्षा अवघड, हे मला सांगता येत नाही. गुंड असता तर टिचकी मारून सांगितलं असतं.

माझं पारखून झालं नाही म्हणून तू थांबू नको. तुम्ही दोघं जे ठरवाल ते आमचं. बाळंतपण झालं तर माझ्या घरी, आणि मोकळं होऊन आलीस तरी माझ्याच घरी. मामीने तुझ्यासाठी पुढची खोली सारवून ठेवली आहे. कोणत्या कारणासाठी, ते तिने विचारलं नाही.

तुझा
मामा

*

आंबागड
५ सप्टेंबर २०१३

ती. मामास, जयभीम.

रिपोर्ट आला. अर्धं.

माझ्यासारखंच, अतुलसारखंच. काही होणार नाही. लग्नाच्या वेळी कार्ड तेवढं पाहावं लागेल, आणि ते काम आम्ही तुमच्याकडे देणार नाही.

मामा, आम्ही पास झालो असं कोणाला सांगू नका. ज्या पेपरासाठी आम्ही दोघांनी रडत अभ्यास केला तो पेपरच रद्द झाला. रिपोर्ट घेऊन नागपूरहून येताना बसमध्ये अतुलला विचारलं, आता सांग, पूर्ण असतं तर? त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "आता नको विचारू." मीही नाही विचारलं. पण तो कोणत्या दिवसाचा अतुल असता, सोमवारचा का मंगळवारचा, हे मला कधीच कळणार नाही. त्यालाही माझं कळणार नाही.

तिथे आमच्या आधी एक जोडपं आत गेलं होतं. बाहेर आल्यावर ती बाई माझ्याकडे पाहून हसली. तिचा रिपोर्ट काय होता ते त्या हसण्यावरून मला सांगता आलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला कदाचित ऐकू आलं असतं.

सासूबाईंना सांगितलं, अर्धं आहे. त्या म्हणाल्या, "अर्धं कायचं? मले आख्खं पाहिजे." मग त्यांना वाटाण्यापासून सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुमी दोघंबी अर्धे, आन् ते जेलात जायचं उत्तर अजून कोनीच नाई देलं." ते खरंच आहे.

२१ तारखेला मला टोचलं. तुम्हाला टोचलं का?

खुशबू

*

भंडारा
१२ सप्टेंबर २०१३

खुशबूस जयभीम.

पत्र अंकुशने वाचलं. "अर्धं" हा शब्द कानावर पडला आणि मी चपला घातल्या. कोपऱ्यावरून पेढे आणले. साऱ्या ओळीत वाटायचे ठरवले, पण पहिला घरच्या माणसाला म्हणून अंकुशच्या हातावर ठेवला. त्याने तोंडात टाकला नाही.

"कायचे पेढे, बाबा?"

"खुशबूचं बाळ चांगलं निघालं ना."

"चांगलं म्हणजे?"

मी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. दुकान टाकल्यापासून गिऱ्हाइकाला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नाही. गुंडाला खळी पडलेली असली तरी मी तिला नक्षी म्हणून विकलंय.

"माझ्यासारखं नाही निघालं म्हणून ना?" तो म्हणाला. रागाने नाही. एखाद्या भांड्याचं वजन विचारावं तसं. मग पेढा खाल्ला आणि म्हणाला, "खवा ताजा हाये."

त्यानंतर मी डबा घेऊन ओळीत फिरलो. जो तो विचारी, तेजरामभाऊ, कायचे पेढे? मी म्हणत गेलो, असेच. टेकचंद म्हणाला, "असेच पेढे वाटणारा तू नाही." त्याचं खरं आहे. पण दुसरं काही म्हटलं असतं तर ते पितळेवरून वाजत वाजत माझ्याच दुकानात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. नर्स म्हणाली, "काका, डोळे उघडा, झालं केव्हाचंच." रिपोर्ट चार-सहा दिवसांत देणार आहेत. घरी मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण दंडावर कापूस तसाच राहिला होता. तो मामीने पाहिला. संध्याकाळी मात्र बशी हळू ठेवली.

हे मी फक्त करार म्हणून केलं, हे लक्षात ठेव. रक्ताबद्दल मला शंका नाही. नर्सनेच म्हटलं, काका, रक्त कसं लालभडक आहे. शंभर नंबरी आणखी काय असतं? रिपोर्ट आला की ओळीत प्रत्येकाला दाखवणार आहे. तोपर्यंत पाकीट बंद करत नाही. शेवटची ओळ रिपोर्टसाठी मोकळी सोडली आहे.

तुझा
मामा

*

१८ सप्टेंबर

बाई खुशबू, मी सत्यभामामामी. मी सांगून राहिली, अंकुश लिहून राहिला. तुझा मामा कालपासून एकच गुंड पुसून राहिला हाये. तो गुंड आता एवढा चमकते की त्यात मले माझं माहेर दिसून राहिलं. माझ्या भावाले तुझ्या मामानंच फोन करून जेवाले बोलावलं. कायले, ते सांगितलं नाई. भाऊ घाबरला, कोनी वारलं का म्हणून विचारे.

अंकुशनं पेढे आणून साऱ्या ओळीत वाटले. लोकं म्हणे, कायचे गा? हा म्हणे, असेच.

तू जड उचलू नको, पाणी पीत राहजो. शेवटची ओळ यायनं रिपोर्टसाठी सोडली होती, ते मीच भरते: रिपोर्ट आला, तुझा मामाबी अर्धाच हाये.